शरणागताचे नाव

शरण आलेल्यास अभय द्यावे, ही शिकवण मराठी घरातील मुलांना कोणी मुद्दाम देत नाही. कथाकीर्तनांतून ती त्यांच्या कानी आपोआप पडते. शिबिराजाने कपोतासाठी आपल्या अंगाचे मांस कापून दिले, रामचंद्रांनी बिभीषणास शत्रूचा भाऊ असूनही पदरी घेतले, हे सांगताना कीर्तनकाराचा कंठ दाटतो व ऐकणारांचे डोळे पाणावतात. आमचेही अनेकदा पाणावले आहेत. तथापि वाङ्मयाचा विचार करू पाहणाऱ्याने डोळे पुसून झाल्यावर स्वतःस एक प्रश्न विचारणे अवश्य आहे. या कथा वस्तुतः कोणाच्या? आश्रय मागणाऱ्याच्या, की आश्रय देणाऱ्याच्या?

शिबीची कथाच पाहा. राजाने किती मांस कापले, तागडीचे पारडे कसे खाली येईना, आणि शेवटी राजा स्वतः पारड्यात कसा जाऊन बसला, हे सर्व आपल्यास तपशीलवार ठाऊक असते. कपोत कोठून आला, त्याचे घरटे कोठे होते, पुढे त्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. आणि विचारण्याचे कारणही कथाकाराने ठेवलेले नाही. कारण कपोत हा मुळी कपोत नव्हताच. तो अग्नी होता, आणि ससाणा हा इंद्र. दोघे राजाची परीक्षा घेण्यासाठी आले होते. म्हणजे आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध शरणागतास आश्रयाची गरजच नव्हती! बिभीषणास ती होती, हे खरे. परंतु त्यास आश्रय दिल्याने लंकेचे मर्म रामाच्या हाती आले, हेही तितकेच खरे. या कथांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. दात्याचे मन मोठे करणे हा त्यांचा हेतू होता व तो त्यांनी उत्तम साधला. परंतु एखादे आठ-नऊ वर्षांचे पोर, ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही आणि जे कोणाची परीक्षा घ्यावयास आलेले नाही, ते दाराशी उभे राहिले असता त्याच्याशी कसे वागावे, हे या कथांतून कळत नाही. आज जगात आश्रय मागत फिरणाऱ्यांत अशा पोरांची संख्या फार मोठी आहे. म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्या वाङ्मयाने आपणांस कितपत दिली, हे तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

हा विचार छत्रपती संभाजीनगरात बसून करताना दोन मुले आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पहिला मुलगा हबशी. आफ्रिकेतील आपल्या मुलखातून तो लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात जात दक्षिणेत आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तोच मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी येथे नगर वसविले व नहरीचे पाणी आणून ते नांदते केले. त्याचे मूळ नाव चापू होते असे इतिहासकार सांगतात. 'अंबर' हे धन्याने ठेवलेले नाव. दुसरा मुलगा म्हणजे ज्यांचे नाव आज हे शहर धारण करीत आहे, ते स्वतः संभाजीराजे. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाल्यावर शिवाजीमहाराजांनी नऊ वर्षांच्या राजपुत्रास मथुरेस मोरोपंत पिंगळ्यांच्या मेव्हण्यांच्या घरी ठेविले, आणि मुलगा वाटेत वारला अशी वार्ता पसरविली. ब्राह्मणाचा मुलगा म्हणून वेष पालटून त्यांस पुढे दक्षिणेत आणिले. वाटेत पहारेकऱ्यास संशय आला, तेव्हा सोबतच्या ब्राह्मणाने त्यांस आपल्या पानावर जेवावयास घेऊन तो संशय फेडला, अशीही कथा सांगतात.

बखरकाराने आश्रय देणाऱ्यांची नावे नोंदविली, त्यांस मिळालेले बक्षीसही नोंदविले. ते योग्यच झाले. परंतु जिवंत असता आपण मेलो आहोत असे ज्यास ऐकावे लागले, परक्या गावी, परक्या नावाने, परक्या वेषात ज्याने ते दिवस काढले, त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, याविषयी बखर मुकी आहे. एका मुलाचे नाव कायमचे गेले, दुसऱ्यास ते काही काळ लपवावे लागले. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशी नावे धारण केलेल्या शहरास नावाचे मोल कोणी शिकवावयास नको. म्हणूनच आम्ही आमची कसोटी नावावरच बसवितो. आश्रय दिल्याने मुलाचे नाव, त्याची भाषा, त्याची आठवण राखली जाते की पुसली जाते, हे पाहावे. आश्रयाचे मोल त्यावरून ठरवावे. आणि वाङ्मयाचे मोल ठरविताना त्याने ते नाव विचारले की नाही, हे पाहावे.

या कसोटीस उतरणारी कृती भारतीय वाङ्मयात अगदीच नाही असे नाही. रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकातील अमल हा आजारी मुलगा. बाहेर जाण्याची त्यास बंदी. खिडकीशी बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. येथे दात्याचा गौरव नाही, उपदेश नाही. जग मुलाच्या खिडकीतून दिसते, एवढेच. पोलंडातील वॉर्सा शहरी यहुदी लोकांस कोंडून ठेविलेल्या वस्तीत यानुश कोर्चाक हे वैद्य व ग्रंथकार अनाथ मुलांचे एक गृह चालवीत. त्यांनी जुलै १९४२ मध्ये आपल्या मुलांकडून हेच नाटक करविले. पुढल्याच महिन्यात ती मुले व त्यांच्यासमवेत कोर्चाक यांस ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. जगाने त्या मुलांस आश्रय दिला नाही. एका नाटकाने मात्र त्यांस अखेरच्या दिवसांत माणूस म्हणून वागविले. वाङ्मय याहून अधिक ते काय करणार? पण याहून कमी करण्याचाही त्यास अधिकार नाही.

त्याच वर्षी त्याच पोलंड देशाची दुसरी मुले हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागत होती, आणि येथून आमचा विषय महाराष्ट्रात येतो. १९४० व १९४१ या वर्षी सोव्हिएट सरकारने पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबांस घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत नेऊन टाकले. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर त्यांच्या सुटकेचा करार झाला. सुटलेल्यांपैकी पुष्कळ लोक १९४२ मध्ये पोलिश सैन्याबरोबर इराणात पोहोचले; त्यांत आईबाप गमावलेली मुले फार होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांतील मुलांसाठी बालाचडी येथे छावणी उभारली. पुढे १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी वसाहत झाली. सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका व मुले, तेथे १९४८ पर्यंत राहिले. बालाचडीची मुलेही छावणी बंद झाल्यावर येथेच आली.

या प्रसंगावर अलीकडे बरेच लिहिले जाते. अनुराधा भट्टाचार्जी यांचा 'द सेकंड होमलँड' हा इंग्रजी ग्रंथ २०१२ मध्ये निघाला. बालाचडीवर 'अ लिट्ल पोलंड इन इंडिया' हा माहितीपट झाला. वॉर्सा येथे जामसाहेबांचे आणि कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी पुष्पे वाहिली. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु मराठीत या विषयावर जे स्फुट लेख व भाषणे आमच्या वाचनाश्रवणात येतात, त्यांच्याविषयी आमची तक्रार आहे. ती सारी पुन्हा शिबीच्याच कथा होऊन बसतात. आपण किती उदार, आपले संस्थानिक किती थोर, आपली संस्कृती किती प्राचीन! पोलिश मुलगा त्यांत केवळ आपल्या औदार्याचा दाखला म्हणून येतो, आणि मान तुकवून आभार मानून निघून जातो.

वळिवड्याची खरी थोरवी आमच्या मते निराळ्या ठिकाणी आहे. त्या वसाहतीत शाळा होत्या आणि त्यांत मुले आपल्या भाषेत शिकत. प्रार्थनामंदिर होते, तेथे आपल्या रीतीने प्रार्थना होई. बालवीरांची पथके होती, नाटके होत, रुग्णालय होते. क्षयाची बाधा झालेल्यांची सोय पाचगणीस केली जाई. त्या मुलांची नावे कोणी बदलली नाहीत. तुम्ही आमचे अन्न खाता, तेव्हा आमच्यासारखे व्हा, असे कोणी म्हटले नाही. मुलांस त्यांचे मूलपण आणि त्यांचे नाव परत मिळाले. जमीन व छप्पर हे त्याचे साधन. ज्यास वळिवड्यावर मराठीत ग्रंथ लिहावयाचा असेल, त्याने या शाळांचे तास, या मुलांचे खेळ, त्यांची भांडणे व भीती लिहावी. राजवाड्याचे वर्णन थोडक्यात आटोपले तरी चालेल. कोल्हापूरच्या गादीवर त्या काळी अल्पवयी राजा होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे! आणि ग्रंथ १९४८ शी थांबवू नये. पोलिश लोक गेले, त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर. तेथील कापडपेठेत लुगडे घ्यावयास जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असते, की त्याच मातीवर लागोपाठ दोन देशांची मुले घर हरवून खेळली?

फाळणीचे नाव निघाल्यावर भीष्म साहनी यांच्या 'पाली' या हिंदी कथेचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. साहनी मूळ रावळपिंडीचे. फाळणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. कथेत मनोहरलाल व कौसल्या यांचा लहान मुलगा पाली पळापळीत बापाच्या हातून सुटतो व पाकिस्तानातच राहतो. शकूर हा चिनी मातीची भांडी विकणारा फेरीवाला. त्यास व त्याची बायको जैनब हिला मूलबाळ नाही. ती दोघे त्या पोरास उराशी धरतात. मौलवी दरडावतो, तेव्हा मुलाची सुंता होते आणि पालीचा अल्ताफ होतो. कित्येक वर्षांनी खरा बाप शोध घेत येतो. जैनब दुसऱ्या आईचे दुःख जाणते व मूल सोडते. एकच अट घालते, की दर ईदेस त्यास भेटीला पाठवावे. सरहद्दीवर एक समाजसेविका मुलाची टोपी काढून फेकून देते. दिल्लीस घरी समारंभ चालला असता मुलगा सवयीने नमाज पढू लागतो. मग गदारोळ माजतो. त्याचे मुंडन होते आणि यशपाल असे नवे नाव ठेवले जाते.

ही कथा वाचून अनेकांस वाटते, की लेखकाने दोन्ही धर्मांच्या कर्मठांस सारखेच फटके दिले व समतोल साधला. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते. कथेचे बळ समतोलात असते, तर ती एक हिशेबी बोधकथा झाली असती. तिचे बळ असे, की तीत दुष्ट माणूस जवळजवळ कोणीच नाही. शकूर-जैनब मायाळू आहेत, मनोहरलाल-कौसल्या दुःखाने पोळलेली आहेत, समाजसेविका आपल्या समजुतीने सेवाच करीत आहे. मौलवी व पंडितही आपण मुलाचे कल्याण करीत आहोत, अशाच भावनेने वागतात. आणि या सर्वांच्या मायेतून मुलाच्या वाट्यास काय येते? दोन वेळा नवे नाव, दोन वेळा अंगावर नवी खूण, दोन वेळा आईचा वियोग. त्याला काय हवे, हे कथेतील कोणीही मोठे माणूस विचारीत नाही. दयेने वागणे आणि दया दाखविणे यांतील अंतर इतक्या थोड्या पृष्ठांत इतक्या निष्ठुरपणे दाखविणारी दुसरी कथा आमच्या वाचनात नाही. या कथेत एक उणीवही आहे. मुलाच्या अंतरंगात लेखक फारसा शिरत नाही. पाली आपणांस दिसतो तो बहुधा इतरांच्या हातांत. परंतु ही उणीवच कदाचित तिचे सत्य असेल; कारण अशा मुलांस आपण असेच, इतरांच्या हातांतच, पाहत आलो आहोत.

असा पाली मराठवाड्यात झाला नाही काय? १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानात रझाकारांचा उच्छाद माजला, तेव्हा सरहद्दीलगतच्या गावांतून कितीतरी कुटुंबे रात्रीबेरात्री बैलगाड्या जुंपून मुंबई इलाख्यात व वऱ्हाडात गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भीतीने दिशा बदलली, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून पळाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वेळी फिरून केलेला अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. मुक्तिसंग्रामाचा इतिहास अनंत भालेराव यांच्यासारख्या अधिकारी लेखकांनी लिहिला, हे मराठवाड्याचे भाग्य. परंतु इतिहासकाराने सत्याग्रह, छावण्या व कारावास सांगावयाचा. गाडीत धान्याच्या पोत्यांमध्ये झोपविलेल्या मुलाचे सांगणे हे कथाकाराचे काम. ते काम आपण फार थोडे केले. ती मुले आज आजीआजोबा झाली आहेत, काही गेली आहेत. पहिल्या गाड्यांतील आणि दुसऱ्या गाड्यांतील मुलांची भीती एकाच रंगाची होती, हे सांगणारा लेखक या शहरात निपजावा, अशी आमची इच्छा आहे. आणि त्यास आता फार अवधी उरलेला नाही.

येथे वाचक म्हणतील, की हा सारा भूतकाळ झाला, आजचे काय? आजची गोष्ट याहून सोपी नाही. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. तरीही आपण काहीच बांधील नाही असे नव्हे. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या २२ व्या कलमात आश्रय मागणाऱ्या मुलास, ते एकटे असो वा आईबापांसह, संरक्षण व साहाय्य द्यावे असे म्हटले आहे. आपल्या घटनेचे २१ वे कलम जीविताचे रक्षण 'व्यक्ती'स देते, केवळ नागरिकास नव्हे. १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा लोकांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. शिक्षणाविषयीचे २१-अ कलम तर ६ ते १४ वर्षांच्या 'सर्व मुलां'विषयी बोलते. तिबेटी मुलांच्या बाबतीत आपण हे शहाणपण दाखविलेही. १९६१ मध्ये त्यांच्या शाळांसाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था स्थापिली, आणि गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत नांदत आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, आधी आपल्या गरीब मुलांचे पाहा. हा आक्षेप घेणारा जर खरोखरच गरीब मुलांसाठी झटत असेल, तर आम्ही त्यास नमस्कार करू; परंतु बहुधा तो एका मुलाचे नाव सांगून दुसऱ्यास हाकलतो आणि दोघांसही काही देत नाही. दुसरा आक्षेप देशाच्या सुरक्षिततेचा. तो पोकळ नाही. कोणास देशात ठेवावे, कोणास नागरिकत्व द्यावे, हे सरकारने विचारपूर्वक ठरवावे. परंतु तो निर्णय होईपर्यंत मूल कोठे झोपेल, कोणाच्या कुशीत झोपेल व सकाळी कोणत्या शाळेत जाईल, हा निराळा प्रश्न आहे आणि तो रोज सकाळी उभा राहतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण सरहद्दीवर मुलांस आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्यात आले, तेव्हा तेथील सामान्य नागरिक, डॉक्टर व धर्मोपदेशक यांनी एवढा निषेध केला, की जूनमध्ये सरकारास तो क्रम थांबविण्याचा हुकूम काढावा लागला. लोकमत दुबळे असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि लोकमत कोठे घडते? फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने सांगितले, की मुलांनी प्रथम सरकारी शाळांकडे जावे. प्रवेश नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी. म्हणजे इतका मोठा प्रश्न फिरून फिरून अखेर येऊन ठेपला तो एका मुख्याध्यापकाच्या टेबलाशी! तेथे बसलेली व्यक्ती आपल्यासारखीच मध्यमवर्गीय कुटुंबातील असते. आपण वाचतो ती पुस्तके वाचते, आपण ऐकतो ती कीर्तने ऐकते. तिच्या मनात शिबीची कथा असेल, तर ती कदाचित उपकार करील, कदाचित करणारही नाही. कारण उपकार हा इच्छेचा विषय. तिच्या मनात पालीची कथा असेल, तर ती निदान थबकेल.

या शहरात येमेन, सुदान इत्यादी देशांचे विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून विद्यापीठात शिकावयास येत आले आहेत. ते शिकावयास आले. परंतु त्यांच्यामागे त्यांच्या देशांत युद्ध पेटले, येमेनमध्ये २०१४ नंतर आणि सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून. परतीची वाट बंद झालेला शेजारी म्हणजे काय, हे जाणून घेण्यासाठी आपल्यास दूर जावे लागणार नाही. घर भाड्याने देताना, शाळेत आपल्या मुलाशेजारी बसणाऱ्या मुलाविषयी बोलताना, घरातील मोठी माणसे जी भाषा वापरतात, तीच मुले उचलतात. कायद्याची मागणी करावी, प्रतिनिधींस पत्रे लिहावीत, मुलांस कोंडून ठेवू नये व आईबापांपासून तोडू नये यासाठी बोलावे. हे सर्व केलेच पाहिजे. परंतु त्याची सुरुवात घरात, गोष्ट सांगण्यापासून होते, अशी आमची श्रद्धा आहे.

तेव्हा आमची विनंती अगदी साधी आहे. यापुढे मुलांस शिबीची कथा सांगाल, तेव्हा ती जरूर सांगा. पण संपल्यावर त्यांस विचारा, की कपोताचे घर कोठे होते? संभाजीराजांची शौर्यकथा सांगाल, तेव्हा मथुरेच्या त्या घरातील नऊ वर्षांच्या मुलाचीही सांगा, ज्यास स्वतःचे नाव उच्चारण्याची बंदी होती. हे ऐकून वाढलेले मूल उद्या शिक्षक होईल, लेखक होईल, कदाचित मोठा अधिकारीही होईल. एखाद्या सकाळी त्याच्या टेबलासमोर एक अनोळखी पोर उभे राहील. तेव्हा कागदपत्रे मागण्यापूर्वी ते त्यास नाव विचारील, आणि पोर जे नाव सांगेल, तेच नोंदवहीत लिहून घेईल.